दोन घटिकांचा हिशेब

आषाढ सरत आला की आमच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर पेन्सिलीचे आकडे दिसू लागतात. तारखेच्या चौकटीत सूर्यास्ताची वेळ बारीक अक्षरांत छापलेली असते. माझ्या सासूबाई, ज्यांना सारे घर आक्का म्हणते, त्या वेळेतून ४८ मिनिटे वजा करून आलेली वेळ शेजारी लिहून ठेवतात. घटिका २४ मिनिटांची, आणि दोन घटिकांचा एक मुहूर्त. सूर्यास्तास मुहूर्तभर अवकाश असतानाच अन्नपाण्याला विराम द्यावयाचा, ही आपल्याकडील जुनी चाल. चातुर्मासात आक्का ती तंतोतंत पाळतात. एरवी सूर्यास्ताच्या आत एवढ्यावर भागते.

शेतावर राबणाऱ्या आमच्या वाडवडिलांना या नियमाचे ओझे वाटले असेल असे मला वाटत नाही. अंधार पडला की काम थांबे, आणि काम थांबण्याच्या सुमारास भाकरी पोटात गेलेली असे. नियम आणि दिवस यांची गाठ आपोआप बसत होती. ती सुटली विजेच्या दिव्याने आणि नोकरीच्या घड्याळाने. सांगलीकडे जूनअखेरीस सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, तर नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारासच. नोकरीचे घड्याळ मात्र बाराही महिने एकाच जागी उभे असते. भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या दिवसांत, सूर्यास्त साडेसहाच्या आसपास होतो. त्यातून मुहूर्त वजा केला की हाती उरतात पावणेसहा. त्या वेळी मी बँकेच्या शाखेत रोख रकमेचा मेळ लावीत बसलेली असते.

बँकेत २१ वर्षे झाली. ग्राहकांसाठी खिडकी बंद होते तेव्हा बाहेरच्यांना वाटते, यांचा दिवस संपला. वास्तविक तेथून दुसरा दिवस सुरू होतो. नोटांची बंडले, व्हाउचरे, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या हाती; शंभर रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत कोणी उठत नाही. त्यामुळे माझ्या पिशवीत दोन डबे असतात, दुपारचा आणि संध्याकाळचा. संध्याकाळचा डबा मी शाखेतच उघडते आणि घरी गेल्यावर मुलांच्या अभ्यासाला बसते.

या दुसऱ्या डब्याची राखण माझ्याइतकीच आमच्या शाखेतील शिपाईमामांनी केली आहे. गृहस्थ वारकरी, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही. ‘मॅडम, दिवस कलला’ एवढेच म्हणून ते माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवतात. नियमामागचे शास्त्र त्यांनी कधी विचारले नाही. माळ घातलेल्या माणसाला दुसऱ्याचा नियम समजावून सांगावा लागत नसावा.

शेजारच्या खिडकीवर बसणारी माझी सहकारी मुस्लिम आहे. रमजानच्या महिन्यात आम्हा दोघींची संध्याकाळ मोठी गमतीची असते. सूर्य मावळण्यापूर्वी माझा डबा मिटला पाहिजे आणि मावळल्याखेरीज तिचा उघडता येत नाही. त्या महिन्यात माझे जेवण आटोपेपर्यंत माझ्या खिडकीचे उरलेले काम ती पाहते. मग ती खजूर सोडते तेव्हा तिचे काम मी पाहते. पश्चिमेकडील त्या एका खिडकीतून आम्ही दोघी एकाच सूर्याकडे डोळे लावून असतो, ती तो जावा म्हणून आणि मी तो थांबावा म्हणून. असे काही वर्षे चालले आहे. याला सर्वधर्मसमभाव वगैरे नाव देण्याचे आम्हा दोघींच्या कधी मनात आले नाही.

भगिनींनो, या नियमाची गोष्ट येथवर सुखाची आहे. घरात ती इतकी सरळ राहिली नाही.

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तिची शिकवणी साडेपाचला सुरू होऊन आठला सुटते. जूनमध्ये तिने निघण्यापूर्वी पाच वाजता जेवून पाहिले. शाळेतून साडेचारला आलेल्या मुलीला पाचला भूक नसते आणि साडेआठला घरी येते तेव्हा पोटात आग पडलेली असते. तीन आठवडे तिने ते निभावले. मग एका रविवारी दुपारी, सगळे घरी असताना, तिने स्पष्ट विचारले, “आई, मी रात्री जेवू लागले तर तुला चालेल का?”

आक्का निवडणाचे सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला, पण त्या काही बोलल्या नाहीत.

मुलीने आपली बाजू मांडली होती, आणि ती अगदीच पोरकट नव्हती. तिचे म्हणणे असे की, नियम झाला तेव्हा दिवे मिणमिणते होते, ताटात किडा पडला तरी दिसत नसे. आता घरात दिवसाइतका उजेड असतो, मग हिंसा कशी होते? मी म्हटले, हा प्रश्न तू पहिल्यांदा विचारलेला नाहीस. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात याचा विचार सुमारे हजार वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. दिवा लावला तरी त्या उजेडाकडेच सूक्ष्म जीव ओढले जातात, हे त्यांनी सांगितले आहेच; परंतु त्यांचा मुख्य भर किड्यांवर नाही, आसक्तीवर आहे. रात्री खाण्यात रागभाव अधिक, आणि रागभाव हेच हिंसेचे मूळ, असा त्यांच्या विवेचनाचा ओघ आहे. पावसाळ्याच्या रात्री दिव्याभोवती जमणारे पाखरांचे थवे पाहिले की पहिला मुद्दा आजही पटतो. दुसरा मुद्दा पटण्यासाठी मात्र रात्री अकराला फ्रिज उघडून उभ्या राहणाऱ्या स्वतःकडेच पाहावे लागते.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “आसक्ती माझी कमी व्हावी हे कळले. पण आपल्या नियमासाठी मावशी तीनला येतात. त्या स्वतः किती वाजता जेवतात?”

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ग्रंथात शोधण्याचे कारण नव्हते. गेल्या वर्षी आक्कांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हापासून संध्याकाळचा स्वयंपाक या मावशी करतात. माझ्या लग्नानंतर १७ वर्षे तो आक्कांनी केला. वैशाखाच्या उन्हात, दुपारी तीनला, इतरांच्या वामकुक्षीच्या वेळी त्या तव्यासमोर उभ्या राहत, म्हणून पाच वाजता नातवंडांच्या ताटात गरम भाकरी पडे. सकाळीही माझा दुसरा डबा त्यांनीच भरावा. लोक मला म्हणत, ‘नोकरी करूनही तुम्ही नियम पाळता, धन्य आहे.’ त्या धन्यतेतील मोठा वाटा कोणाचा होता हे मी तेव्हाही सांगत असे, आजही सांगते. मावशी आमच्याकडून निघतात आणि आणखी तीन घरांचा स्वयंपाक उरकून साडेनऊला आपल्या घरी पोहोचतात. तेथे चूल पेटते ती त्यानंतर.

श्रावकाची षट्कर्मे आपण लहानपणी पाठ केलेली असतात: देवपूजा, गुरूपास्ती, स्वाध्याय, संयम, तप आणि दान. नोकरी करणाऱ्या बाईला यातील पहिली तीन वेळ मागतात, म्हणून अवघड वाटतात. संयम आणि तप वेळ मागत नाहीत, म्हणून ती आपल्याला जमली असे वाटते. परंतु त्यांनाही वेळ लागतोच. तो दुसरे कोणीतरी आपल्या वतीने देत असते. १९७४ साली, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, सर्व पंथांनी मिळून जैन प्रतीक स्वीकारले. त्याच्या तळाशी तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातील जे सूत्र आहे, ते जीवांच्या परस्पर उपकाराविषयीचे आहे. लग्नपत्रिकांवर, मंदिराच्या कमानींवर ते इतक्या वेळा दिसते की डोळा त्यावर थांबत नाही. मला त्यातील ‘परस्पर’ या शब्दाचेच मोल अधिक वाटते. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक जमेसमोर कोणाच्या तरी खात्यावर नावे पडलेलीच असते. एकेरी नोंद होतच नाही.

साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही कथा आपल्या भागात प्रत्येक घरात सांगितली जाते. ती सांगताना आपण दागिन्यांशी थांबतो. मला नेहमी वाटते की त्याहून मोठी गोष्ट त्यांनी रोज केली असणार: एवढ्या मुलांचे दोन वेळचे जेवण पाहणे. दागिने एकदा मोडता येतात, चूल मात्र रोज पेटवावी लागते.

असो. त्या रविवारनंतर घरात चार दिवस विलक्षण शांतता होती. आक्का नातीशी बोलत होत्या, पण जेवणाविषयी नाही. माझे पती मुलीच्या बाजूचे की आईच्या, हे त्यांनाच ठरविता येत नव्हते. माझे मत मी दुसऱ्याच दिवशी सांगितले होते. नियम म्हणजे स्वतः घेतलेला असेल तोच. रत्नकरंडक श्रावकाचारातील अकरा प्रतिमांमध्ये रात्रिभोजनत्याग सहाव्या पायरीवर येतो. त्याआधी पाच पायऱ्या आहेत. पंधरा वर्षांच्या मुलीला आईने हाताला धरून सहाव्या पायरीवर उभे केले, तर ती तेथे उभी असते एवढेच, चढलेली नसते. तिला रात्री साडेआठला भूक लागत असेल, तर ताट मी वाढीन, आणि ते वाढताना माझे तोंड वाकडे होणार नाही. कांदा, बटाटा, लसूण आमच्या घरात येत नाही, पाणी गाळूनच भरले जाते. तो घराचा आचार आहे. जेवणाची वेळ हा मात्र ज्याचा त्याचा नियम.

पाचव्या दिवशी आक्कांनी मला हाक मारली. म्हणाल्या, “मी हा नियम घेतला तेव्हा बत्तीस वर्षांची होते. लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्याआधी मी रात्री जेवतच होते की.” हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या सासूबाई कडक. परंतु त्यांनीही कधी सक्ती केली नव्हती, असे त्या सांगत होत्या. “त्यांनी मला बारा वर्षं दिली. हिला मी चार दिवससुद्धा दिले नाहीत,” असे म्हणून त्या उठल्या आणि नातीसाठी ताट झाकून ठेवण्यास मोठी परात काढून दिली.

मावशींचा प्रश्न मात्र परात काढून सुटणारा नव्हता. आक्कांनी त्यांना पाच वाजता आमच्याबरोबर जेवून जाण्यास सांगितले. त्या हसल्या. “आक्का, हितं जेवून गेले तरी घरला जाऊन चूल पेटवायचीच की. पोरं माझी वाट बघत्यात.” त्यांचे म्हणणे खरे होते. आपल्या पंक्तीला बसवून घेतल्याचे समाधान आपल्याला मिळते; तिची मुले मात्र साडेनऊपर्यंत उपाशीच राहतात. मग असे ठरले की आमच्याकडील भाकऱ्यांच्या पिठातच त्यांच्या घरच्या भाकऱ्या व्हाव्यात, कालवण थोडे जास्त टाकावे, आणि त्यांच्या मोठ्या मुलाने शाळेतून जाताना पाचला डबा घेऊन जावे. पगारात एक रुपयाही कापावयाचा नाही, ही अट मी घातली. शेजारच्या एका बाईंनी ‘मग तेवढे वळते करा’ असा सल्ला दिला होता, म्हणून स्पष्ट बोलावे लागले. आता मावशींची मुले सातच्या आत जेवतात. त्या स्वतः अजूनही रात्रीच जेवतात, पण घरी गेल्यावर चूल पेटवावी लागत नाही. याने फार मोठे काही झाले असे मी म्हणत नाही. त्यांचा दिवस एका तासाने लहान झाला, इतकेच.

माझी मुलगी सध्या रात्री जेवते. ताटावर बसताना णमोकार म्हणते. पूर्वी म्हणत नसे. आक्का त्या वेळी समोर बसून जपमाळ ओढतात आणि मध्येच ‘आमटी घे’ म्हणतात, मग माळ कोठवर आली होती हे त्यांना आठवत नाही.

भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंतच्या दहा दिवसांसाठी तिने शिकवणीची सकाळची तुकडी स्वतः मागून घेतली आहे. मी सुचविले नव्हते. सातला निघावे लागेल आणि नऊला परत येईल. पुढचे पुढे पाहू, असे म्हणते. आक्कांनी यावर काहीच भाष्य केले नाही. त्यांनी फक्त त्या दहा दिवसांच्या न्याहारीची यादी केली आहे, आणि मावशी सकाळच्या येत नसल्यामुळे ती यादी माझ्या हाती आली आहे.