रोजची गाडी की रविवारची?

जुनी अँबॅसडर रोजच्या वापराला घ्यावी की नाही, यावर आमच्या घरात गेले दोन महिने जेवढी चर्चा झाली, तेवढी माझं लग्न ठरताना झाली नव्हती. मंडळी, समाजाच्या मागच्या कार्यक्रमातही दोघा-तिघांनी मला हाच विषय काढून विचारलं. कोणाकडे वडिलांची फियाट पडून आहे, कोणाला मारुती ८०० मोडीत काढवत नाही. म्हणून यावेळी माझा सगळा हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

गाडी धारची, माझ्या सासरच्या शेजारी राहणाऱ्या काकांची. १९९६ चं मॉडेल, अँबॅसडर १८०० आयएसझेड. काका नोकरीला पीथमपूरला, हिंदुस्थान मोटर्सच्या इंजिनांच्या कारखान्यात होते. गाड्या तिकडे बंगालात उत्तरपाड्याला बनत, पण इसुझूच्या तंत्रज्ञानाचं हे १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आपल्या धार जिल्ह्यात तयार होई. काकांनी त्याच इंजिनाची गाडी घेतली आणि एका हाताने वापरली. आता मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर रात्रीचं दिसत नाही, मुलगा बाहेरदेशी. भंगारवाला दोनदा येऊन गेला. काका मला म्हणाले, "जावईबापू, एक लाख द्या, नाहीतर कमी द्या. पण गाडी चालती राहिली पाहिजे."

मला गाडी हवीच होती. मी देवासहून इंदूरला ऑफिसला जातो. जायचे चाळीस, यायचे चाळीस किलोमीटर. आमची छोटी गाडी बायकोला नोकरीसाठी आणि लेकीच्या शाळेसाठी लागते. दुसऱ्या गाडीसाठी सहा लाख बाजूला ठेवलेले. त्यातले साडेचार वाचले तर घराच्या कर्जात भरता येतील, असं मनात आलं. बाबांचा कौल तर पहिल्या दिवसापासून अँबॅसडरला. त्यांचे गुडघे दुखतात. नव्या छोट्या गाडीत त्यांना वाकून शिरावं लागतं, अँबॅसडरमध्ये खुर्चीत बसावं तसं बसता येतं.

आधी कायदा बघितला, कारण याबाबत गैरसमज फार. "पंधरा वर्षांनंतर गाडी चालवताच येत नाही," असं मला चार जणांनी सांगितलं. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागातला. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांनी वाढवून मिळते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती म्हणून. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीची ती गाडी खासगी मालकांकडे अजून चालते. काकांच्या गाडीची नोंदणी २०११, २०१६ आणि २०२१ मध्ये वाढवलेली आहे, यंदा पुन्हा मुदत संपते. मात्र ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क पाच हजारांवरून दहा हजार झालं आहे. पीयूसी दर सहा महिन्यांनी.

दुसरा गैरसमज 'व्हिंटेज' नोंदणीचा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना मिळते. म्हणजे काकांच्या गाडीला २०४६ पर्यंत थांबावं लागेल! आणि ती मिळाली की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. आजोबांची पन्नास-साठ वर्षांची फियाट रोज चालवायची असेल, तर त्या नंबरप्लेटच्या मोहात पडू नका.

मग गाडी तपासली. देवासचे आमचे मेकॅनिक माझ्यासोबत धारला आले. ते काय बघत होते ते लिहून ठेवलं आहे, कोणाला उपयोगी पडेल. आधी चेसिस आणि इंजिनावर ठोकलेले नंबर आरसीशी जुळवले. मग इंजिन पूर्ण थंड असताना सुरू केलं. गाडी दाखवणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत यावं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर थांबेना आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. त्यानंतर ते मॅट उचलून जमिनीवर आडवे झाले. अँबॅसडरला वेगळी चौकट नसते, बॉडी हीच तिची हाडं. त्यामुळे दारांखालचा पत्रा गंजला असेल तर वरचा रंग कितीही चकाको, उपयोग नाही.

काकांच्या गाडीचं इंजिन ठणठणीत निघालं. दारांखाली एका बाजूला गंज होता, रेडिएटर आणि ब्रेकचं काम होतं. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. पेट्रोलच्या नळ्या, कार्बोरेटरमधले रबरी भाग बदलावे लागतील. इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून उभ्या गाडीच्या लोखंडी टाकीला आतून गंजाची भीती. सगळं मिळून मेकॅनिकचा अंदाज सत्तर हजारांचा. तरीही दोन लाखांच्या आत! मी खूश झालो.

बायकोने मात्र वही पुढे ओढली. रोज ८० किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे १७६० किलोमीटर. काकांच्या हिशेबाने गाडी लिटरला दहा देते, म्हणजे १७६ लिटर. नवी छोटी गाडी अठरा देईल असं धरलं, तर साधारण ९८ लिटर. लिटरला १०७ रुपये धरले तर फरक महिन्याला आठ हजार तीनशेच्या वर, वर्षाला एक लाख. "चार-पाच वर्षांत तुझे साडेचार लाख पेट्रोलमध्येच गेले. दुरुस्ती वेगळी," ती म्हणाली.

पैशांवर मी वाद घालू शकलो असतो. पुढच्या प्रश्नावर नाही. "रात्री दहाला शिप्राच्या पुढे गाडी बंद पडली, तर तू काय करशील? आणि पडली नाही, चांगली चालली, पण मागच्या ट्रकचा ब्रेक लागला नाही, तर गाडी काय करेल?"

आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस नव्या मोटारींना २०१९ पासून सक्तीचे झाले. १९९६ च्या गाडीत दोन्ही नाहीत. जुना पत्रा जाड असतो म्हणून गाडी मजबूत, असं आपण म्हणतो. पण नव्या गाडीचा पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो, धक्का त्याने खावा आणि आतल्या माणसापर्यंत कमी पोहोचू द्यावा म्हणून. जिथे काकांनी इंजिनं बनवली, त्याच पीथमपूरला आज नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, तिथे नव्या गाड्या तपासल्या जातात. गेल्या तीस वर्षांत गाड्यांचं काय झालं, ते एकाच गावात दिसतं. एबी रोडवर रोज दोन वेळा ट्रकांच्या मधून जाणाऱ्या माणसाला तो फरक सोडून देता येत नाही. महिन्यातून दोनदा, सकाळच्या उजेडात, सावकाश जाणाऱ्याचा धोका त्याहून खूपच कमी.

माझ्या धंद्यातही हेच असतं. जुनी प्रणाली वाईट नसते, पण सगळं कामकाज तिच्या एकटीवर टाकलं की तिची प्रत्येक कुरकुर संकट ठरते. जुन्या गाडीला आठवडाभर गॅरेजमध्ये राहायची मुभा हवी. रोजच्या गाडीला ती देता येत नाही.

तेव्हा आमचा निर्णय असा झाला: रोजसाठी सहा एअरबॅगची छोटी गाडी घ्यायची. बाबांना ती कळवली तेव्हा ते काही बोलले नाहीत, पेपर वाचत बसले. काकांना फोनवर सांगणं मला जड गेलं. काही क्षण तेही गप्प होते. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पीथमपूरला मीसुद्धा कंपनीच्या बसनेच जात होतो. गाडी रविवारी काढायचो."

त्यातून मार्ग निघाला. गाडी काकांच्याच नावावर, धारलाच राहील. नोंदणीचं शुल्क आणि दुरुस्ती आम्ही निम्मी-निम्मी वाटून घेतली. महिन्यातून दोन रविवारी आम्ही धारला जातो. मी गाडी चालवतो, काका शेजारी बसून गिअर कधी बदलायचा ते सांगतात, बाबा मागच्या सीटवर पाय लांब करून बसतात. मांडूपर्यंत जाऊन उजेडात परत येतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, रबर सुकतं, टाकी गंजते. तिला औषध म्हणून एवढी फेरी पुरते.

तुमच्या अंगणातही अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली असेल, तर तिला ऑफिसला नेऊ नका आणि भंगारातही घाईने घालू नका. आधी आरसीवरची मुदत बघा, मग मेकॅनिकला बोलवा. आणि ज्यांनी ती चालवली, त्यांना शेजारी बसवून एक फेरी मारून या. किंमत त्यानंतर ठरवा.