स्थलांतराचा भार कोणावर?

नागपूरच्या तरुणाला पुण्यात नोकरी देताना मालक प्रथम विचारतो तो जुना पगार. त्यावर काही टक्के वाढवले की औदार्य सिद्ध झाले! वस्तुतः नागपुरातील स्वस्ताईचा फायदा पुण्याच्या मालकाने का उपटावा? सरकार तरी हा भेद मानते. जानेवारी २०२४ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के, तर नागपुरात २० टक्के घरभाडे भत्ता लागू झाला. खासगी उमेदवाराला मात्र ही तफावत एकट्याने मागून घ्यावी लागते. शिवाय ‘पॅकेज’च्या भरघोस आकड्यात मालकाची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी आणि ग्रॅच्युइटीही बहुधा मिसळलेली असते; घरमालकाची अनामत किंवा सामानाच्या ट्रकचे भाडे त्यातून चुकते होत नाही. या दोन रकमा नेमणूकपत्रात स्वतंत्रपणे मागणारा उमेदवार अजूनही अनेक ठिकाणी हावरट ठरतो.