पाण्यावाचून पोलादाला पाणी



फाळ पाजवून आणताना लोहाराच्या भट्टीपाशी तुम्ही उभे राहिलाच असाल. फाळ लालभडक तापवायचा, ठोकून टोक काढायचे आणि चर्रकन पाण्यात बुडवायचा. यालाच आपण 'पाणी देणे' म्हणतो. पाणी कमी पडले तर टोक मऊ राहून लवकर झिजते. जास्त झाले तर पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याच प्रात्यक्षिकात असा फाळ दगडाला लागून काडकन मोडला आणि त्या घरची नांगरट दोन दिवस खोळंबली. ते मी अजून विसरलो नाही.

अवजार वरून कठीण आणि आतून चिवट हवे. कारखान्यांत हे काम आता लेसरच्या झोताने करतात. भिंगाने ऊन एकवटून मुले कागद जाळतात, तसाच हा एकवटलेला प्रखर प्रकाश. झोत पोलादावरून फिरला की वरचा थर क्षणात ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापतो, पण वितळू देत नाहीत. झोत पुढे सरकताच आतले थंड पोलाद ती उष्णता ओढून घेते आणि थर कठीण होतो. पाणी नको, तेल नको. हा थर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर जाडीचा असतो.

लेसरचेही प्रकार आहेत. कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केला. त्यांचा जन्म आपल्या बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले! मात्र चकचकीत पोलाद या लेसरचा बराचसा प्रकाश परतवते, म्हणून आधी काळा लेप द्यावा लागतो. निओडिमियम-याग स्फटिकाच्या आणि डायोडच्या लेसरचा प्रकाश पोलाद अधिक शोषते. डायोडचा झोत रुंद पट्ट्यासारखा पाडता येतो, म्हणून या कामाला तो विशेष सोयीचा.

ही यंत्रे महाग आहेत. साचे, टर्बाइनची पाती अशा मोलाच्या वस्तूंना ती परवडतात. आपल्या फाळाला गावचा लोहारच बरा. पण खरेदी करताना एवढे ध्यानात ठेवा:

१) भट्टी असो वा लेसर, पोलादात कार्बन शेकडा ०.३ च्या आसपास तरी हवा. साध्या मऊ लोखंडाला पाणी चढत नाही.

२) दुकानातच कानस मारून पाहा. कठीण टोकावर ती घसरते, मऊ लोखंडाला चावते.

३) कठीण केलेले टोक पुन्हा लाल तापवले की कठीणपणा जातो. पुन्हा पाणी दिल्याशिवाय ते शेतात नेऊ नका.

४) सगळा फाळ कठीण करू नका, टोक आणि धार पुरे.

पेरणी तोंडावर असताना मोडलेला फाळ फार महाग पडतो. म्हणून कानस आजच मारून पाहा.