काटकसर यंत्रात की कारभारात?

बारामती शहराला लागून असलेले जळोची आता निव्वळ शेतीचे गाव राहिलेले नाही. बागायती रानांच्या शेजारी औद्योगिक वसाहत विस्तारली, नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर कार्यालयांच्या भिंतींवर वातानुकूलन यंत्रेही आली. पर्जन्यछायेतील या टापूत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. तेव्हा थंडाव्याला चैन म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. प्रश्न एवढाच, की तो थंडावा किती विजेत मिळतो आणि त्याचा भार कोणावर पडतो.

इन्व्हर्टर पद्धतीच्या यंत्रांनी या प्रश्नाला एक चांगले उत्तर दिले आहे. जुन्या यंत्राचा काँप्रेसर एकाच वेगाने धावतो. खोली थंड झाली की थांबतो, तापली की पुन्हा पूर्ण जोराने सुरू होतो. इन्व्हर्टर यंत्र मात्र गरजेप्रमाणे वेग कमी-अधिक करते आणि मंद गतीने चालताना तेवढ्याच विजेत अधिक उष्णता बाहेर टाकते. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ पासून दोन्ही प्रकारांना एकाच हंगामी गुणांकावर तोलून तारे देणे बंधनकारक केले. वर्षाकाठी १६०० तासांचा वापर आणि बाहेरचे २४ ते ४३ अंश तापमान गृहीत धरून हा गुणांक काढतात. तो ४ ऐवजी ५ असला, तर तेवढ्याच थंडाव्याला एक-पंचमांश वीज कमी लागते.

परंतु या बचतीचे मर्म मंद गतीत आहे, हे विसरून चालणार नाही. घरातील यंत्र बहुधा रात्रीच्या गारव्यात चालते. कार्यालयातील यंत्राला मात्र भर दुपारच्या उन्हाशी झुंजावे लागते. त्यात दार सताड उघडे, पश्चिमेच्या खिडकीला आडोसा नाही आणि तापमान १८ अंशांवर लावलेले. मग यंत्राला मंदावण्याची उसंत मिळणार केव्हा? १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून देण्याचा नियम झाला. पण पुढे कळ दाबणारा हात मोकळाच आहे. तापमान एक अंशाने वाढवले, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. खिडक्या उघड्या ठेवून नुसती यंत्रे बदलणे, हा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होय.

दुसरा दोष खरेदीचा. यंत्र घेणारा किंमत पाहतो, बिल भरणारा दुसराच असतो आणि कळ तिसऱ्याच्या हाती असते. निविदेत केवळ सर्वांत कमी किंमत पाहिली, तर स्वस्त यंत्र पुढील दहा वर्षे महाग पडते. म्हणून किमतीबरोबर त्या काळातील विजेचा खर्चही जमेस धरला पाहिजे. सार्वजनिक कार्यालयांत हा पैसा अखेर करदात्याच्याच खिशातून जातो.

आणि ज्या कचेरीत साहेबांच्या दालनात हुडहुडी भरते आणि बाहेर कारकुनांच्या डोक्यावर गरम वारा फिरतो, तिथे विजेइतकाच न्यायाचाही अपव्यय होतो. खिडक्यांना सावली, दारांना शिस्त, यंत्र २५-२६ अंशांवर आणि जोडीला पंखा, एवढे केले तरी त्याच विजेत अधिक माणसांना थंडावा मिळू शकेल. किती युनिट जळले, हे दरमहा कार्यालयाच्या फलकावर लिहिण्यास तर कोणत्याही निविदेची गरज नाही. यंत्राने आपला वेग आवरायला शिकून बरीच वर्षे झाली. आता कारभाराने ती शिकवण घ्यायची आहे.