जुन्या व्हिसाचा रकाना

नागरिकत्व म्हटले की आपल्याला झेंडा, राष्ट्रगीत आणि मतदान आठवते. राज्यशास्त्राच्या तासालाही नागरिकत्वाचा विषय हक्क आणि कर्तव्ये यांनीच सुरू होतो. परंतु जो माणूस एका देशात जन्मतो आणि पुढे दुसऱ्या देशाचा नागरिक होऊ पाहतो, त्याच्या नागरिकत्वाची सुरुवात एका लांबलचक अर्जाने होते. नाव, गाव, जन्मतारीख इथपर्यंत सारे ठीक असते. मग एक रकाना येतो: यापूर्वी आपण कोणकोणत्या देशांत, किती काळ आणि कोणत्या परवान्यावर राहिलात? कोणता व्हिसा होता? कधी बाहेर गेलात, कधी परतलात? येथे बहुतेकांचा हात थबकतो.

मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या कला शाखेच्या मुलीला हा विषय कशाला हवा, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पासपोर्ट आमच्या घरात कोणाकडेच नाही. पण गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडे येतात. रेशनकार्डाचा, जातीच्या दाखल्याचा, निराधार पेन्शनचा. त्यामुळे अर्ज आणि माणूस यांचे नाते काय असते, हे मी पुस्तकात वाचण्याआधी ओट्यावर बसून पाहिले आहे. शिवाय आपल्याच तालुक्यातली मुले आज पुण्याला शिकून अमेरिका, कॅनडा, इंग्लंड अशी पांगली आहेत. विद्यार्थी व्हिसा, मग नोकरीचा व्हिसा, मग कायम वास्तव्य आणि शेवटी नागरिकत्व, असा त्यांचा जिना आहे. या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीचा हिशेब विचारला जातो. तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

सरकार हे विचारते तरी कशासाठी? कित्येकांना हा नसता खोचकपणा वाटतो. वास्तविक त्यामागे सरळ हिशेब आहे. नागरिकत्व हे बहुतेक देशांत वास्तव्याच्या मोजमापावर मिळते. आपल्याकडे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परकीय माणसाला नागरिक व्हायचे असेल, तर सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षे भारतात काढलेली असावी लागतात. इंग्लंडमध्ये साधारण नियम असा की, ५ वर्षांत ४५० दिवसांहून अधिक आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर असू नये. कॅनडात ५ वर्षांपैकी १,०९५ दिवस हजेरी लागते. त्यात कायम वास्तव्याचा परवाना मिळण्यापूर्वी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून काढलेला दिवस अर्धाच धरतात, आणि असे फार तर ३६५ दिवस पदरात पडतात. म्हणजे तुम्ही तेव्हा कोणत्या व्हिसावर होता, यावर तुमचा दिवस पूर्ण की अर्धा हे ठरते! मग जुना व्हिसा संपला, त्याचे आता काय, असे म्हणून कसे चालेल? मजुराच्या हजेरीपत्रकात पूर्ण दिवस आणि अर्धा दिवस यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

तरीही अर्ज भरताना शेजारी उभा राहून सल्ला देणारा कोणी ना कोणी भेटतोच. "अहो, एवढे सगळे कशाला लिहिता? सोडून द्या तो रकाना. कोणाला कळतंय?" हा सल्ला तहसील कचेरीच्या बाहेर मिळतो, तसाच तो न्यूयॉर्क-टोरांटोतही मिळत असणार. माझे स्पष्ट मत असे आहे की हा सल्ला चुकीचा आहे. नीतीच्या दृष्टीने तर आहेच, पण व्यवहाराच्या दृष्टीनेही आहे.

आपल्या शेजारच्या तेलंगणातले उदाहरण पाहा. चेन्नमनेनी रमेश हे मूळचे भारतीय. १९९३ साली त्यांनी जर्मनीचे नागरिकत्व घेतले. आपल्या कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे, स्वखुशीने परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप जाते. पुढे २००८ साली त्यांनी पुन्हा भारतीय होण्यासाठी अर्ज केला आणि २००९ साली त्यांना नागरिकत्व मिळाले. त्याच वर्षी ते वेमुलवाडा मतदारसंघातून आमदार झाले. त्यांनी ज्या कलमाखाली अर्ज केला, त्याची अट एवढीच होती की अर्जाच्या आधीचे एक वर्ष भारतात वास्तव्य हवे. त्या वर्षात ते परदेशी जाऊन आले होते आणि ही गोष्ट त्यांनी अर्जात लपवली, असा ठपका केंद्रीय गृहमंत्रालयाने ठेवला आणि २०१७ साली नागरिकत्व रद्द केले. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. मंत्रालयाने त्याच वर्षी पुन्हा रद्द केले. डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि ३० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला.

यात विचार करण्यासारखी गोष्ट ही की खरे लिहिले असते तर काय झाले असते? अर्ज तेव्हा नामंजूर झाला असता. मग एक वर्ष मुकाट्याने येथे राहून पुन्हा अर्ज करता आला असता. एका वर्षाचा उशीर टाळण्याच्या पायी पंधरा वर्षांची कोर्टकचेरी मागे लागली. प्रवास करणे हा काही गुन्हा नव्हता. जड गेले ते लपवणे. आणि "कोणाला कळतंय" म्हणणाऱ्यांना एक विचारावेसे वाटते: पासपोर्टवर शिक्का कोण मारते? सरकारच ना? ज्याने शिक्का मारला त्यालाच तो आठवणार नाही, असे आपण कोणत्या भरवशावर धरतो?

हे झाले एका बाजूचे. परंतु अर्जदाराने खरे सांगावे असा आग्रह धरणाऱ्याने सरकारलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. अर्जातली कोणतीही चूक, कितीही क्षुल्लक असो, नागरिकत्व हिरावून घ्यायला पुरेशी मानायची का? या प्रश्नावर २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मोठा मनोरंजक आणि तितकाच गंभीर वाद झाला. दिवना मासलेंजाक ही बोस्नियातली सर्ब स्त्री निर्वासित म्हणून अमेरिकेत आली आणि २००७ साली नागरिक झाली. नवरा सैन्यभरती टाळत होता असे तिने पूर्वी सांगितले होते. प्रत्यक्षात तो बोस्नियन सर्ब सैन्यात अधिकारी होता. आणि आपण अधिकाऱ्यांना कधीही खोटी माहिती दिलेली नाही, असे तिने नागरिकत्वाच्या अर्जात लिहिले होते. सरकारचे म्हणणे असे की खोटे ते खोटे, त्याचा निर्णयावर परिणाम झाला की नाही हे पाहण्याचे कारण नाही. तेव्हा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी सरकारी वकिलाला आपलेच उदाहरण दिले. पूर्वी कधी तरी ताशी ५५ मैलांच्या रस्त्यावर आपण ६० मैलांनी गाडी चालवली होती. अटक न झालेला गुन्हा केला आहे का, या अर्जातल्या प्रश्नाला 'नाही' म्हटले, तर वीस वर्षांनंतर नागरिकत्व जाणार काय? सरकारी वकिलाला त्यावर माघार घेता आली नाही.

न्यायालयाने अखेर एकमुखाने सरकारचे म्हणणे फेटाळले. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलेल्या निकालाचा सारांश असा की, त्या खोटेपणामुळे नागरिकत्व मिळण्यास हातभार लागला होता, हे सरकारने दाखवले पाहिजे. लाजेखातर वा भीतीपोटी केलेल्या निरुपद्रवी लपवाछपवीवरून कोणाचे नागरिकत्व काढता येणार नाही.

हे तत्त्व मला न्यायाचे वाटते. गंमत म्हणजे, आपल्या कायद्यातही त्याचे बीज आहे. १० व्या कलमात महत्त्वाची बाब लपवून मिळवलेले नागरिकत्व काढून घेण्याचा अधिकार सरकारला आहे. परंतु त्याच कलमात असेही आहे की, त्या माणसाने नागरिक राहणे सार्वजनिक हिताचे नाही अशी खात्री झाल्याखेरीज ते काढू नये. म्हणजे अर्जदाराने सगळे सांगावे आणि सरकारने सगळ्याला सारखेच वजन देऊ नये, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. चेन्नमनेनी यांच्या प्रकरणात लपवलेली गोष्ट पात्रतेच्या मुळाशी होती, म्हणून ती महत्त्वाची ठरली. एखाद्याने वीस वर्षांपूर्वीची दोन दिवसांची सहल लिहायची विसरली, तर तिला तोच न्याय लावणे म्हणजे न्यायाची थट्टा होईल.

येथे मला माझा स्वतःचा एक अनुभव नमूद करावासा वाटतो. त्याचा नागरिकत्वाशी थेट संबंध नाही, पण रकाना तोच आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर बिऱ्हाड हलते ते उन्हाळ्यात परत येते. लहानपणी दोन हंगाम मीही त्यांच्याबरोबर कर्नाटकातल्या एका कारखान्याच्या फडावर होते. अधिवासाच्या दाखल्यासाठी अर्ज करताना प्रश्न आला, महाराष्ट्रात सलग वास्तव्य आहे काय? बाहेर टेबल टाकून बसलेला अर्जवाला म्हणाला, "ताई, होय म्हणून टाका आणि मोकळ्या व्हा. उसाचं कशाला सांगताय?" मी ते दोन हंगाम लिहिले. त्यापायी तीन हेलपाटे पडले. एका कारकुनाने तर "मग तुम्ही नेमक्या कुठल्या?" असे सर्वांदेखत विचारले. दाखला मिळाला. पण तो प्रश्न अजून खुपतो. पोटासाठी कोयता घेऊन गेलेल्या माणसाला घरी परतल्यावर आपण कुठले, हे सिद्ध करावे लागते. जगभरच्या स्थलांतरिताची हीच व्यथा असणार. फरक एवढाच की त्याच्या वाटेत राज्याची नव्हे, देशाची सीमा असते.

म्हणून लपवणाऱ्याची भीती मला समजते. खरे सांगणाऱ्याला हेलपाटे आणि खोटे सांगणारा मोकळा, असा अनुभव रोज येत असेल, तर खरे सांगण्याचा उपदेश पोकळ ठरतो. निर्वासितांचे तर आणखीच अवघड. जीव वाचवून पळणारा माणूस व्हिसाच्या रांगेत उभा राहून पळत नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात म्हणूनच असे मान्य केले आहे की, धोक्यातून थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. (भारताने या करारावर सही केलेली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.) या तरतुदीतले शहाणपण पाहण्यासारखे आहे. हजर हो, खरे सांग, मग तुझ्या अडचणीचा विचार करू, असा तो सौदा आहे. सरकारने आपला शब्द पाळला तरच माणूस आपला पाळील.

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, प्रश्न स्वच्छ असावा. 'वास्तव्य' म्हणजे काय, किती वर्षांपर्यंतचे लिहायचे, नाकारलेला व्हिसा लिहायचा की नाही, हे अर्जातच साध्या भाषेत सांगावे. अमेरिकेच्या अर्जात गेल्या ५ वर्षांतले, २४ तास वा त्याहून अधिक काळाचे प्रवास लिहा असे म्हणतात. अशी नेमकी मर्यादा असली की अर्जदाराला अंदाज बांधत बसावे लागत नाही. दुसरी, 'नक्की तारीख आठवत नाही' असे लिहायला जागा असावी. जुना पासपोर्ट हरवलेल्या माणसाला तारीख रचायला भाग पाडणे म्हणजे त्याला खोटे बोलायला शिकवणे आहे. तिसरी, चूक लक्षात आल्यावर निर्णयापूर्वी ती स्वतःहून दुरुस्त करणाऱ्याला लपवणाऱ्याच्या पंगतीत बसवू नये.

आणि आपण काय करावे? मित्रमैत्रिणींनो, उद्या आपल्यातलेही काही जण परदेशी जातील. बाकीच्यांना गावात इतरांचे अर्ज भरावे लागतील, कारण आपण शिकलो आहोत. दोन्ही ठिकाणी जुने कागद जपून ठेवावेत, तारखांची वही ठेवावी, आणि एका देशाला सांगितलेले दुसऱ्या देशाला सांगताना बदलू नये. अर्ज दुसऱ्याने भरला तरी खाली सही आपली असते. 'वरील मजकूर खरा आहे' हे वाक्य वाचल्याशिवाय कोणालाही अंगठा उठवू देऊ नये.

एखाद्या देशाचा नागरिक होणे म्हणजे त्या देशाशी नवे नाते जोडणे. सोयरीक जुळवताना मुलाचे आधीचे लग्न लपवले, तर पुढे ते उघडकीस आल्यावर घर मोडते. सांगितले असते तर कदाचित सोयरीक जुळलीही असती. पण समोरच्यानेही सांगणाऱ्याचे नीट ऐकून घ्यायला हवे. सांगणाऱ्याचे धैर्य आणि ऐकणाऱ्याचे मोठे मन, दोन्ही असतील तरच तो रकाना कोणाला भिववणार नाही, असे मला वाटते.

(द्वितीय वर्ष, कला)