परदेशी शिक्षण आणि घरचा हिस्सा

आपल्या शाळेचा एखादा माजी विद्यार्थी परदेशी विद्यापीठात दाखल झाला, की त्याचे अभिनंदन फळ्यावर झळकते, स्नेहसंमेलनात त्याच्या नावाचा सन्मानाने उल्लेख होतो आणि पुढच्या वार्षिकांकात त्याचे छायाचित्र येते. यात वावगे काहीच नाही. परंतु त्या छायाचित्रात बहुधा बर्फ असते, पाठीमागे एखादा मनोरा असतो, अंगात नवा कोट असतो. ज्या घराने त्याला तेथवर पोचवले ते घर मात्र त्यात कोठेच दिसत नाही. अशा छायाचित्रांखाली जो मजकूर येतो तोही बर्फाचा आणि मनोऱ्याचाच असतो. तो वाचून आठवीनववीतील मुलांना परदेश म्हणजे सहलीचे ठिकाण वाटू लागते आणि त्यांच्या आईबापांना ते न परवडणारे परंतु अत्यावश्यक असे काहीतरी वाटू लागते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. परदेशी जाऊन शिकणे हे एकट्या विद्यार्थ्याचे काम कधीच नसते. त्यात घराचा हिस्सा असतो. तो हिस्सा कोणी, किती आणि कशाच्या बदल्यात उचलायचा, हे घरातील सर्वांनी अगोदर बसून ठरवले पाहिजे. आणि जो जातो त्याने तेथील आपल्या रोजच्या जगण्याचा खरा वृत्तांत घराला दिला पाहिजे. हे सांगण्यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. ते आपल्या मुलुखाच्या अगदी जवळचे असून आपल्या मुलांना फारसे ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट होय.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोमंतकातील साखवाळ या गावी झाला. तेव्हा तेथे पोर्तुगिजांचा अंमल होता. शालेय शिक्षण अगदी बेताचे झाले. घरच्या नारळाच्या बागा सांभाळाव्या, हेच त्यांच्या वाट्याला आले होते. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मराठी मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाविषयी अधिक जाणून घेण्याची तळमळ त्यांना लागली. विद्यार्थिमित्रांनो, मुलांचे एक मासिक! आपला वार्षिकांक रद्दीत घालण्यापूर्वी एवढे लक्षात असू द्यावे. त्यांच्या घरची भाषा कोंकणी आणि लेखणीची भाषा मराठी होती. माझ्याही घरी अद्याप तीच रीत आहे, म्हणून मला ते अंमळ अधिक जवळचे वाटतात, हे कबूल केलेले बरे.

१८९९ साली त्यांनी घर सोडले. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा तर अगोदर संस्कृत यावयास हवे, म्हणून ते प्रथम पुण्यास गेले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची गाठ पडली. पुढे ग्वाल्हेरवरून ते काशीस पोचले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी व्याकरणाचे अध्ययन केले. १९०२ साली बौद्धधर्माच्या शोधात ते नेपाळात गेले. परंतु तेथे जे दिसले त्याने निराशाच पदरी आली. मग बुद्धगया, तेथून कलकत्ता, आणि त्याच वर्षी समुद्र ओलांडून सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे केवळ पश्चिम दिशा उभी राहते. पण या गृहस्थाने विद्येसाठी दक्षिणेची वाट धरली, कारण त्याला हवी असलेली विद्या तेथे होती. कोठे जायचे हे त्याने काय शिकायचे यावरून ठरवले. आज आपल्याकडे बहुतेक वेळा आधी देश ठरतो आणि मागाहून अभ्यासक्रम शोधला जातो.

कोलंबो येथे सुमंगलाचार्यांनी १८७३ साली स्थापिलेले विद्योदय विद्यालय होते. तेथे धर्मानंद श्रामणेर होऊन राहिले. त्या जीवनाचे नियम आजच्या वसतिगृहातील मुलांनी जरा कल्पनेत आणून पाहावे. माध्यान्हीनंतर अन्न घ्यायचे नाही. पैशाला स्पर्श करायचा नाही. उंच बिछान्यावर निजायचे नाही. नाचगाणे, माळा, सुगंध यांपासून दूर राहायचे. भोवतालची भाषा सिंहली. पाली ग्रंथ छापलेले तेही सिंहली लिपीत. म्हणजे पंचविशी गाठलेल्या माणसाने पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करायचा. सुमंगलाचार्य संस्कृताचे मोठे पंडित होते, त्यामुळे काशीतील अन्नछत्राच्या अन्नावर मिळवलेली विद्या येथे उपयोगी पडली. मात्र तेथील अन्नपाणी त्यांना मानवले नाही. अखेरीस १९०३ मध्ये त्यांना मद्रासला परतावे लागले. पुढे ते ब्रह्मदेशात गेले, भिक्षू झाले, आणि तेथे ब्रह्मी लिपीशी नव्याने झुंजले. परदेशात शिकणाऱ्याची पहिली परीक्षा वर्गात होत नसून भाताच्या पानावर होते, हे त्यांच्या अनुभवावरून दिसते. आज लंडनला किंवा टोरांटोला गेलेली मुलेही खाजगीत हेच सांगतात. अंकात मात्र लिहीत नाहीत.

इथवरची कथा आपल्याला स्फूर्तिदायक वाटते. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धर्मानंद घराबाहेर पडले तेव्हा त्यांच्या पत्नी बाळाबाई यांच्यापाशी तान्ही मुलगी होती. धर्मानंदांचे पुन्हा घराशी येणे झाले ते सुमारे सात वर्षांनी. त्या सात वर्षांत मुलगी चालू लागली, बोलू लागली, अक्षरे गिरवण्याच्या वयाची झाली. धर्मानंदांनी पुढे ‘निवेदन’ या नावाने आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात त्यांचा प्रवास, उपासमार, अध्ययन, हे सारे आपल्याला वाचावयास मिळते. बाळाबाईंनी ‘निवेदन’ लिहिले नाही. पालीच्या अभ्यासाचे जे पुनरुज्जीवन आपल्या देशात झाले, त्याचे मोल त्यांनी आपल्या उमेदीच्या वर्षांनी चुकवले. हे मोल त्यांना कोणी विचारून घेतले होते काय? मला तसे वाटत नाही. धर्मानंदांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, तथापि हा प्रश्न त्या आदरात बुडवून टाकावा असे मला वाटत नाही. मुलींच्या वर्गात तर हा प्रश्न अवश्य विचारला जावा.

पुढील हकीकतही मोलाची आहे. कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवीत असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की, महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक लिहावे. कलकत्त्यातील अधिक प्राप्ती सोडून त्यांनी ही अट पत्करली. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीच्या कामासाठी अमेरिकेत बोलावले. १९१८ साली ते पुन्हा तेथे गेले, ते मात्र एकटे गेले नाहीत. थोरली मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर घेऊन गेले. ज्या मुलीला तान्ही टाकून ते निघाले होते, तिचे उच्च शिक्षण अमेरिकेत झाले. दामोदर पुढे १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला आणि गणितज्ञ व इतिहासकार म्हणून कीर्ती पावला. ‘विसुद्धिमग्गा’ची ती हार्वर्डची आवृत्ती अखेर १९५० साली बाहेर पडली. धर्मानंद १९४७ मध्येच निवर्तले होते.

सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने परदेशी गेलेला दुसरा विद्यार्थी आपणा सर्वांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची, असा करार होता. पुढे लंडनमध्ये ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी शिरत आणि ते बंद होईपर्यंत तेथेच असत, अर्धपोटी. इकडे मुंबईच्या चाळीत रमाबाई संसार ओढत होत्या. त्यांच्या पाच अपत्यांपैकी एकटा यशवंत जगला. रमाबाई १९३५ साली गेल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयक ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. घराच्या हिश्श्याची ही जाहीर पोच होती, असे मी समजते.

आता आजच्याकडे येऊ. आज शिष्यवृत्ती थोड्यांना मिळते. बाकीचे कर्ज काढतात. महाराजांची अट पुस्तक लिहिण्याची होती, सेवा करण्याची होती. बँकेची अट हप्त्याची असते आणि तारण घराचे असते. एजंटाच्या कचेरीत जी रंगीत पत्रके मिळतात त्यांत या गोष्टी बारीक अक्षरांत असतात. जर्मनीत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, हे सर्वांच्या कानी आलेले असते. परंतु राहण्याखाण्याची तरतूद म्हणून विद्यार्थ्याला बंदिस्त खात्यात रक्कम दाखवावी लागते आणि ती २०२४ साली वर्षाला ११,९०४ युरो अशी ठरली होती, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडात पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. एवढ्या तासांत शुल्क फिटेल, या भरवशावर निघणाऱ्या मुलाला आईबापांनी कागदपेन्सिल घेऊन बसवावे आणि गणित करून दाखवावयास सांगावे. आठवीतील व्यवहारी गणित त्यास पुरेसे आहे.

आणि एक गोष्ट, जी बोलावयास अवघड आहे. बहुतेक घरांत कर्ज एकदाच निघू शकते. माझ्या हाताखालून गेलेली एक विद्यार्थिनी आहे. तिचे गुण भावापेक्षा सरस होते. भाऊ परदेशी गेला आणि तिचे महाविद्यालय मध्येच सुटले. ‘बाई, कागद एकच होता घराचा,’ असे तिचे वडील मला म्हणाले. ती आज एका दुकानात हिशेब लिहिते, आणि उत्तम लिहिते. भावाचे छायाचित्र माझ्या पाहण्यात आले आहे. तिचे कोणी छापणार नाही. वडिलांना मी दोष देत नाही, त्यांच्यापुढे मार्ग थोडे होते. पण तो कागद बँकेत जाण्यापूर्वी त्या घरात तिला एका शब्दाने तरी विचारले गेले असते, तर निर्णय कदाचित तोच झाला असता आणि तरीही तो तिचा झाला असता.

वृत्तांताविषयी कोणी म्हणेल, ‘आता पत्रे कशाला? रोज दूरध्वनीवर चेहरा दिसतो.’ चेहरा दिसतो खरा. पण त्या दहा मिनिटांत इकडचे म्हणतात ‘आम्ही बरे आहोत’, तिकडचा म्हणतो ‘मीही बरा आहे’, आणि दोघेही निजावयास जातात. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, निधन पावल्या. त्यांची थंडी, त्यांचे खाणे, त्यांचा आजार, रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाची माया, हे सर्व आपल्याला कळते ते त्यांच्या पत्रांमुळे. काशीबाई कानिटकरांना त्यांचे चरित्र लिहिता आले तेही या पत्रांच्याच आधाराने. लिहिताना माणसाला क्रम लावावा लागतो, आणि क्रम लावताना झाकलेले बाहेर येते.

म्हणून परदेशी असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. पुढील वार्षिकांकासाठी मनोऱ्याचे छायाचित्र पाठवू नये. खोलीत किती जण राहता, भाडे किती, स्वयंपाक कोण करते, पहिल्या महिन्यात वर्गात काय समजले नाही आणि ते कोणाला विचारले, तापाने निजलात तेव्हा पाणी कोणी दिले, रात्रीचे काम किती वाजता संपते आणि पुस्तक किती वाजता उघडते, हे मराठीत लिहावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये, ते आम्ही पाहून घेऊ. पत्राची एक प्रत प्रथम घरी पाठवावी, आणि घरच्यांनी ती वाचून संमती दिल्यावरच शाळेकडे यावी. घरच्या एखाद्या व्यक्तीला, विशेषतः बहिणीला किंवा आईला, त्याखाली स्वतःच्या चार ओळी लिहावयाच्या असतील तर त्याही अवश्य जोडाव्या. त्यांच्यासाठी पान राखून ठेवण्याचे संपादक मंडळाने मान्य केले आहे. पत्रे दिवाळीच्या सुट्टीपूर्वी हाती यावीत.