पाण्यात कोण राहतं, हे विचारायला हवं

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली आणि कासाडी नदीचं नाव देशभर गेलं. कुत्र्याचा रंग दिसतो, त्याचा फोटो निघतो. त्याच नदीतला एखादा मासा संपला तर फोटो कशाचा काढणार? पाण्याची तपासणी होते, नाही असं नाही. बीओडी किती, सीओडी किती, आम्लता किती. पाण्यात काय मिसळलंय ते आपण मोजतो. त्यात कोण राहतं, हे विचारत नाही.

विचारायची सोय आता झाली आहे. मासा, बेडूक, कासव पाण्यात वावरताना कातडीच्या पेशी, बुळबुळीत स्राव, विष्ठा सोडत असतात. त्यातला डीएनए काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतो. लिटर-दोन लिटर पाणी बारीक गाळणीतून गाळायचं, वर उरलेला डीएनए प्रयोगशाळेत वाचायचा आणि माहीत असलेल्या प्राण्यांच्या नोंदींशी ताडून पाहायचा. फ्रान्समधल्या तळ्यांत अमेरिकन बुलफ्रॉग असाच शोधल्याचं संशोधन २००८ साली प्रसिद्ध झालं. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी चिलिका सरोवराच्या पाण्यावर हे तंत्र वापरलं आहे. ना जाळं, ना प्राण्याला हात लावणं.

आपल्या रायगड जिल्ह्यात वाळण कोंडीत महाशीर आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी मारत नाही, उलट चुरमुरे टाकतात. ज्या माशाला देवी मिळाली नाही, त्याची दखल कोण घेणार? माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी, कासाडी, आणि जिच्यावरच्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबई पिते ती धावरी, या तिघींची अशी नोंद व्हायला हवी असं मला वाटतं.

मात्र माझी भीती अहवालातल्या एका शब्दाची आहे. ‘आढळला नाही’ याचा अर्थ सरकारी फायलीत चटकन ‘नाही’ असा होतो, आणि नसलेल्या प्राण्यासाठी भराव कोण थांबवणार? नमुना पुरात घेतला असेल, डीएनए उन्हाने विरला असेल, ताडून पाहायला त्या माशाची नोंदच नसेल. उलटही घडतं. मासळी बाजाराचं धुवण नदीत आलं तर मेलेला रोहू कागदावर जिवंत होतो! म्हणून एका बाटलीवर निकाल देऊ नये. वर्षभर, वेगवेगळ्या डोहांतून नमुने घ्यावेत, आणि जागा दाखवायला नदीत मासे धरणाऱ्या कातकऱ्यांना सोबत न्यावं, मजुरी देऊन. कुठल्या कपारीत काय असतं, हे त्यांना विचारल्याशिवाय बाटली भरूच नये.

उलवे नदी विमानतळासाठी वळवली गेली. वळवण्याआधीचं तिचं एक लिटर पाणी आता कुठून आणणार? गाढीचं अजून मिळतं. उन्हाळ्यात धार बारीक होऊन डोह उरतात, पहिले नमुने त्याआधी घ्यावेत.